आधी विचारायचं, मग बटण

टाऊन, वॉटर्स, कॉल्डवेल, स्टेनव्हर्स. प्रॅक्टिकल सुरू झालं तेव्हा माझ्या वहीचं पहिलं पान या नावांनीच भरलं. एक्स-रेच्या खोलीत सर नुसतं म्हणायचे, "वॉटर्स लाव," आणि सीनियर मुलगी पेशंटची हनुवटी प्लेटला टेकवून, नाक बोटभर मागं ठेवून तोंड उघडायला सांगायची. टाऊन म्हटलं की पेशंट उताणा, हनुवटी छातीकडे, आणि ट्यूब पायांच्या दिशेला ३० अंश तिरकी. वॉटर्समध्ये गालांमागचे सायनस मोकळे दिसतात, टाऊनमध्ये कवटीचं मागचं हाड. ज्या डॉक्टरांनी या पोझिशन बसवल्या त्यांचीच ही नावं. बारावी सायन्सला मी हाडांची नावं पाठ केली होती. पण एक हाड दुसऱ्याच्या मागं लपतं, आणि ते दिसायला हवं असेल तर माणसाला वळवावं लागतं, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वहीतल्या त्या पानाकडे बघून मला घाम फुटायचा.

मी शिरूर तालुक्यातली, न्हावऱ्याच्या बाजूची. घरी ऊस आणि जनावरं. बारावीनंतर काय, याची चर्चा घरात पावसाळाभर चालली. "मशीनचं काम आहे, सावलीत बसून करायचं, पोरीला बरं," असं चुलते म्हणाले आणि एक्स-रे टेक्निशियन व्हायचं ठरलं. मशीन फोटो काढतं, आपण बटण दाबायचं, अशीच माझीही समजूत होती. आता शिकताना कळतंय की बटण हा या कामाचा सगळ्यात छोटा तुकडा आहे. त्याच्या आधी पेशंटला काय विचारायचं, कसं विचारायचं आणि त्याला कसं उभं करायचं, यातच बहुतेक विद्या आहे.

आणि हे विचारणं प्रवेश घेतानाच सुरू करायला हवं. आमच्याकडं भिंतींवर, रिक्षांच्या मागं पॅरामेडिकल कोर्सच्या जाहिराती दिसतात. कुठं सहा महिने, कुठं वर्ष, कुठं दोन वर्षं. कुठं 'सर्टिफिकेट', कुठं 'डिप्लोमा'. प्रत्येकाची फी वेगळी आणि नोकरीची हमी मात्र सगळ्यांची सारखीच. मी आणि वडील अशा दोन-चार ठिकाणी गेलो. एका ठिकाणी मी विचारलं, परीक्षा कोण घेतं? "आमचीच असते, तुम्ही काळजी करू नका," असं उत्तर आलं. दुसरीकडं विचारलं, प्रॅक्टिकल कुठल्या दवाखान्यात? तर ते नंतर बघू म्हणाले. दोन्हीकडून आम्ही चहा पिऊन उठलो.

मग एका ओळखीच्या नर्सताईंनी आम्हाला बसवून समजावलं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी नावाची पदवी आहे, बारावी सायन्सनंतर तीन वर्षांचा अभ्यास आणि पुढं इंटर्नशिप. त्यात रेडिओग्राफी हा एक विषय घेता येतो. डिप्लोमाचे मार्गही आहेत. राज्यात परावैद्यक परिषदेचा २०११चा कायदा आहे. आणि २०२१ साली केंद्रानं या सगळ्या सहायक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात स्पष्ट लिहिलंय की डिप्लोमा असो वा पदवी, अभ्यासक्रम किमान २,००० तासांचा आणि दोन ते चार वर्षांत पसरलेला हवा. हा एक आकडा आधी माहीत असता तर आमच्या निम्म्या खेपा वाचल्या असत्या. सहा महिन्यांत २,००० तास बसत नाहीत. ज्या आईबापांनी ऊसबिलाच्या पैशातून अशा कोर्सची फी भरली, त्यांच्या मुलांकडं आज जो कागद आहे त्यावर परिषदेकडं नोंदणी होईल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मी दोन वर्षांचा डिप्लोमा घेतला. वर्ग शिरूरला, प्रॅक्टिकल आलटून पालटून शिरूरच्या एका सेंटरमध्ये आणि दौंडच्या एका रुग्णालयात. दौंडला जायचं म्हणजे न्हावरे, पारगाव करत भीमा ओलांडून केडगाव गाठायचं आणि तिथून पुण्याकडून येणारी लोकल धरायची. कडेठाण, पाटस, मग दौंड. गाडीत मी वही उघडून बसते. शेजारच्या बायका चित्रं बघून विचारतात, "मेलेल्या माणसांची हाडं गं ही?" मी सांगते, जित्या माणसांची.

दोन्ही गावांचे पेशंट वेगळे. शिरूरला रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला लागणारी पोरं छातीचा एक्स-रे काढायला येतात. तब्येतीनं ठणठणीत, घाईत, कंपनीचा फॉर्म हातात. पुणे-नगर रस्त्यावरचे अपघात येतात. दौंडला रेल्वेची माणसं, राज्य राखीव पोलीस दलाचे जवान, कुरकुंभच्या कारखान्यांतले कामगार, नदीपलीकडून श्रीगोंद्याचे शेतकरी, आणि हंगामात ऊसतोड करणारी कुटुंबं. यंत्रंही वेगळी. शिरूरला डीआर आहे: पॅनेलवर किरण पडले की काही सेकंदांत चित्र समोर. दौंडला सीआर: कॅसेट घ्यायची, एक्स्पोजर द्यायचं, कॅसेट नेऊन रीडरमध्ये घालायची, मग चित्र. शेजारी जुनी डार्करूम आहे, आता तिच्यात खोकी ठेवतात. सरांची निम्मी नोकरी त्या अंधारात गेली. लाल दिव्याखाली फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवायची, धुवायची, फिक्सरमध्ये घालायची. ते म्हणतात, "तेव्हा फिल्म वाया गेली की लगेच कळायचं, पैसे मोजून आणलेली असायची. आता तुम्हाला चित्र कॉम्प्युटरवर उजळ करता येतं, म्हणून तुम्ही डोस जास्त देता आणि तुम्हाला पत्ता लागत नाही." हे बोलणं मी वहीत लिहून ठेवलं आहे, कारण डिजिटल यंत्राचा खरा धोका त्यात सापडतो. जुन्या फिल्मवर किरण जास्त झाले तर ती काळी पडायची. आता चित्र चांगलंच दिसतं आणि जास्तीचा भार पेशंटच्या अंगावर जातो.

केव्ही आणि एमएएस या जोडीनं मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं. केव्ही म्हणजे किरणांचा जोर, किती जाडीतून पार जातील ते. एमएएस म्हणजे किरण किती, आणि किती वेळ. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. कन्सोलसमोर उभं राहिल्यावर मात्र समोर एखादा धिप्पाड पैलवान असतो, नाहीतर काडीसारखी म्हातारी, आणि आकडे आपल्याला ठरवायचे असतात. दौंडच्या कन्सोलशेजारी भिंतीवर एक पुठ्ठा चिकटवलाय. बॉलपेननं रेघा मारून कुणीतरी तक्ता केलाय: हात, पाय, गुडघा, कंबर, छाती, बारीक, मध्यम, जाड. शाई उडालेली, वर सेलोटेप पिवळी पडलेली, आणि काही आकडे खोडून त्यावर नवे लिहिलेले. छातीपुढं लिहिलंय: ग्रिडशिवाय, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी जाळी न लावता, ६० ते ७०च्या मधलं केव्ही. मी तो तक्ता उतरवून घेतला तेव्हा सर म्हणाले, "हा या मशीनचा आहे. दुसऱ्या मशीनला लावू नकोस." मग त्यांनी शिकवलं की केव्ही १५ टक्के वाढवलं तर एमएएस दुप्पट केल्याइतका फरक पडतो. हा नियम कळला तेव्हा कुठं माझा पाय जमिनीला लागला.

अंतराचंही तसंच. हातपाय बहुतेक ४० इंचांवरून, छाती मात्र ६ फुटांवरून, आणि तीही पाठीकडून. का? तर हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं. रात्री लाइट गेल्यावर दिव्यासमोर हात धरला तर तो भिंतीजवळ असताना सावली नेमकी पडते, आणि दिव्याजवळ नेला की तीच सावली फुगते. हृदयाचंही असंच. पेशंटची छाती प्लेटला चिकटवली आणि ट्यूब लांब नेली की हृदय त्याच्या खऱ्या मापाच्या जवळपास दिसतं. उलट केलं तर चांगलं हृदय मोठं दिसेल आणि एखाद्याला विनाकारण पुढच्या तपासण्यांना पळवलं जाईल.

छातीचा एक्स-रे सगळ्यात सोपा म्हणतात. मला वाटतं तोच सगळ्यात अवघड आहे. एक आजी आल्या होत्या, खोकला बरेच दिवसांचा. गळ्यात मंगळसूत्र, पोत, काळ्या दोऱ्यात ताईत, पाठीवर वेणी. धातू फुप्फुसावर आला की तिथलं काही दिसत नाही, वेणीचीसुद्धा सावली पडते. ताईत आणि पोत त्यांनी काढली. मंगळसूत्राला हात लावू देईनात. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "नका काढू आजी. वर घ्या आणि दातात धरा." आजींनी ते ओठांत धरलं, वेणी मॅडमनी वर बांधली. मग स्टँडला छाती लावून, हनुवटी वर, हात कमरेवर उलटे आणि कोपरं पुढं. कोपरं पुढं आली की खांद्याचे फाळ बाजूला सरकतात आणि फुप्फुसं मोकळी होतात. आजींची कोपरं वयामुळं पुढं येईनात, तर मॅडम म्हणाल्या, "या खांबाला नातवासारखं कवटाळा." आजींनी कवटाळलं आणि खांदे आपसूक पुढं आले. "आता छाती भरून दम घ्या… धरा… हलू नका." काचेआडून मॅडम आजींची पाठ बघत होत्या. पाठ वर येऊन थांबली तेव्हाच त्यांनी बटण दाबलं. "सोडा."

चित्र आल्यावर त्यांनी मला मोजायला लावलं. डायफ्रॅमच्या वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या की श्वास पुरेसा भरला होता. दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर, म्हणजे पेशंट तिरका नव्हता. आणि शिशाचं 'आर' अक्षर पेशंटच्या उजव्या अंगाला, म्हणजे स्क्रीनवर माझ्या डाव्या हाताला. चित्रातला माणूस आपल्याकडं तोंड करून उभा असतो हे डोक्यात बसायला मला फार वेळ लागला. अजूनही मी मनात एकदा त्याच्या जागी उभी राहते आणि मगच उजवं-डावं बोलते.

दौंडला हात मोडलेला एक ऊसतोड मजूर आला. हाडाचा एक्स-रे एका बाजूनं कधीच पुरत नाही. सरकलेलं हाड समोरून सरळ दिसू शकतं. म्हणून काटकोनात दोन, आणि मनगट व कोपर दोन्ही सांधे चित्रात हवेत. हात वळवला तर माणूस कळवळणार. सरांनी हाताला हातच लावला नाही. पहिल्या चित्रानंतर कॅसेट हाताच्या कडेला उभी केली, ट्यूब आडवी फिरवली, आणि हात होता तिथंच राहिला. "माणूस फिरत नसेल तर आपण फिरायचं," एवढंच ते म्हणाले.

पण ज्या प्रश्नाची मला सगळ्यात धास्ती होती तो वेगळाच. पोटाचा किंवा कमरेचा एक्स-रे असला की वयात आलेल्या प्रत्येक बाईला विचारायचं: पाळी कधी आली होती? दिवस गेलेले असण्याची शक्यता आहे का? पोटातल्या गर्भाला किरण लागू नयेत म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. आता आमच्या भागातली सून, सोबत सासू, कधी दीर. सुनेच्या तोंडून उत्तर निघत नाही, सासूच बोलते, "नाही नाही, तसं काही नाही." हे उत्तर मानायचं नसतं, हे मॅडमनी मला शिकवलं. कसं शिकवलं ते सांगते, कारण यात खरी हुशारी आहे. एक्स-रेच्या खोलीत नातेवाइकांनी थांबायचंच नसतं. म्हणून मॅडम सासूला सांगतात, "आजी, इथं किरणं असतात, तुम्ही बाहेर बसा," आणि दार लागलं की सुनेजवळ जाऊन हळू विचारतात. एकदा दाराआड एका मुलीनं मान खाली घालून सांगितलं की पाळी चुकलीय, घरी अजून कुणाला बोलले नाही. मॅडमनी एक्स-रे काढला नाही. चिठ्ठी डॉक्टरांकडं परत नेली, मुलीला सोबत घेऊन. सासूला त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण त्या मुलीचा चेहरा मी बघितला.

त्या दिवशी मला या कामात बायका का हव्यात ते उमगलं. पुरुष टेक्निशियन हा प्रश्न विचारतात, विचारायलाच लागतो, पण खरं उत्तर त्यांना क्वचित मिळतं. पहिल्या महायुद्धात मेरी क्युरींनी गाड्यांवर एक्स-रे यंत्रं बसवून रणभूमीजवळ नेली आणि दीडशेच्या आसपास बायकांना ते काम शिकवलं. शंभर वर्षांनंतरही न्हावऱ्याची मुलगी हे शिकायला निघाली की गावात विचारतात, "किरणांचा त्रास होईल, लग्नाला अडचण येईल, कशाला?"

या भीतीला मी हसत नाही. तिला कारण आहे. ८ नोव्हेंबर १८९५ला रॉन्टगेननी हे किरण शोधले आणि पुढची कित्येक वर्षं लोक ते उघड्या हातांनी वापरत राहिले. एडिसनचा मदतनीस क्लॅरन्स डॅली ट्यूब तपासायला स्वतःचाच हात समोर धरायचा. त्याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली, चाळिशीही गाठायच्या आत, तो गेला. जर्मनीत हॅम्बर्गला १९३६ साली अशा माणसांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर सुरुवातीलाच दीडशेहून जास्त नावं होती, पुढं ती साडेतीनशेवर गेली. डॉक्टर, शास्त्रज्ञ, नर्स, आणि आमच्यासारखे टेक्निशियन. सरांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा कुणी बोललं नाही. आज आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळ या कामाचे नियम ठरवतं: खोली केवढी, भिंत किती जाड, दाराला शिसं किती. काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा, आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. सामान्य माणसाला वर्षाला १. छातीच्या एका एक्स-रेत पेशंटला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट मिळतं, आणि जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिळतच असतं. नियम पाळून काचेआड उभ्या राहिलेल्या मुलीला भिण्याचं कारण नाही. नियम न पाळणाऱ्याला आहे, आजही.

हे मोजतं कोण, तर छातीवरचा बॅज. माझा मला मिळाला तेव्हा मी तो उलटसुलट करून बघितला. काडेपेटीपेक्षा फार मोठा नाही, आत एक पट्टी, तिच्यावर तीन गोल चकत्या. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम मिसळून केलेल्या. एक चकती धातूच्या तुकड्याखाली, एक प्लॅस्टिकखाली, एक उघड्या खिडकीसमोर. किरण लागले की चकती ती ऊर्जा धरून ठेवते, आणि प्रयोगशाळेत तापवली की तेवढा प्रकाश सोडते. तिन्हींच्या प्रकाशावरून कळतं की किरण कसले होते आणि किती. दर तीन महिन्यांनी पट्टी बदलून तपासणीला जाते. शिशाचा एप्रन घातला तर बॅज त्याच्या आत लावायचा, छातीच्या उंचीवर, आणि घरी न्यायचा नाही. कोर्सची चौकशी करत होतो तेव्हा एका ठिकाणी मला सांगितलं होतं की विद्यार्थ्यांना बॅज लागत नाही. आता मला ते उत्तर गंभीर वाटतं. शिकणाऱ्याच्या अंगात वेगळी हाडं नसतात.

एक गोष्ट अजून जमत नाही. चित्र पहिल्यांदा आपल्यालाच दिसतं. कुरकुंभचा एक कामगार, फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. त्यानं शर्टाची बटणं लावता लावता विचारलं, "ताई, बरं आहे ना?" रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट देतात, आम्ही काही सांगायचं नसतं, ना बरं, ना वाईट. मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील दादा, रिपोर्ट घेऊनच जा, आजच दाखवा." 'आजच' एवढा एक शब्द मी जोर देऊन म्हणाले. ते नियमात बसतं, असं मॅडम म्हणाल्या.

पुढच्या वर्षी माझी परीक्षा आहे. तोवर शिरूर, दौंड, श्रीगोंद्याकडच्या बारावी सायन्सच्या मुलींना एवढंच सांगायचं आहे: या कामाला या, तुमची गरज आहे. पण पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी विचारा. परीक्षा कोण घेतं? कोर्स किती तासांचा? प्रॅक्टिकल कुठल्या रुग्णालयात, कुणाच्या हाताखाली? आणि बॅज पहिल्या दिवसापासून मिळणार का? उत्तरं तोंडी घेऊ नका. लेखी मागा, घरी नेऊन दोघांना दाखवा, आणि मगच फी भरा.